अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी कलावर्ग: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी वाटाड्या

हा लेख दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. काहींना चित्र, माती, विणकाम किंवा नाटक उत्तम येतं, पण अपंगत्व असलेल्या माणसांना त्यांनी कधी शिकवलेलं नाही. काहींच्या घरात किंवा संस्थेत अशी प्रौढ माणसं आहेत, त्यांच्या गरजा यांना तोंडपाठ आहेत, पण शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नाही. मी असे वर्ग घेते. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात: साहित्य कोणतं घ्यायचं, मदत किती करायची, घरच्यांना आत बसू द्यायचं का, चित्र विकलं तर पैसे कोणाचे. पुढे ते क्रमाने घेतले आहेत. सगळ्यांमागे कसोटी एकच आहे: इथे निर्णय कोण घेतंय? जिथे अडाल तिथे हा प्रश्न स्वतःला विचारा.

१. वर्ग कशासाठी आहे ते आधी लिहून काढा

तीन वेगळ्या गोष्टींची इथे सतत सरमिसळ होते. कलोपचार हा प्रशिक्षित उपचारकाने करायचा व्यवसाय आहे, त्यात उद्दिष्ट आरोग्याचं असतं. दिवसभराची देखभाल केंद्रं माणसांना सुरक्षित आणि गुंतवून ठेवण्यासाठी असतात. कलाशिक्षणात माणूस कला शिकायला येतो. तुमचा वर्ग यातला तिसरा असेल तर तसं एका वाक्यात लिहा आणि प्रत्येक पत्रकावर छापा. वर्गात माणसाला बरं वाटतं, आत्मविश्वास वाढतो, हे खरंच आहे, पण तसं तर कुठल्याही चांगल्या वर्गात होतं. उपचाराचा दावा करू नका, तो करायचा अधिकार तुम्हाला नाही.

या वाटेवर आधी चाललेले लोक आहेत. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात एलियास कॅट्झ हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ यांनी घरातूनच ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ सुरू केलं. मोठ्या संस्थांमध्ये कोंडलेल्या माणसांना बाहेर आणण्याचा तो काळ होता, आणि बाहेर आल्यावर या माणसांनी दिवसभर करायचं काय, याचं उत्तर फारसं कोणाकडे नव्हतं. कॅट्झ दांपत्याचं उत्तर होतं स्टुडिओ: खरं साहित्य, काम करणारे कलाकार मदतीला आणि कामं दाखवायला दालन. पुढे ओकलंडमध्ये रुजलेली ही संस्था आजही चालू आहे आणि तिची रचना जगभर उचलली गेली. तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नसेल, पण या तीन गोष्टी छोट्या खोलीतही जमतात.

सभागृह किंवा अनुदान मागायला जाल तेव्हा आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं कलम ३० सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. आपली सर्जनशील, कलात्मक आणि बौद्धिक क्षमता वाढवण्याची आणि वापरण्याची संधी या व्यक्तींना मिळाली पाहिजे, आणि ती केवळ त्यांच्या भल्यासाठी नव्हे तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनही, असं ते सांगतं. दयेच्या भाषेत अर्ज लिहिण्यापेक्षा या भाषेत लिहा.

२. अभ्यासक्रमाच्या आधी माणसांना भेटा

प्रवेश अर्जावर आजाराचं नाव विचारून फार काही कळत नाही. डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात फरक) असलेल्या दोन व्यक्तींना लागणाऱ्या सोयी पूर्णपणे वेगळ्या असू शकतात. त्यापेक्षा प्रत्येकाला वर्गाच्या आधी अर्धा तास भेटा आणि हे समजून घ्या:

- काय करून बघायची इच्छा आहे? आधी काही केलं आहे का?
- बोलणं कसं होतं: शब्दांनी, सांकेतिक भाषेने, फलकावरच्या चित्रांकडे बोट दाखवून, टॅबलेटने, नजरेने?
- हात, मान, पाठ किती वेळ काम करतात आणि दमल्याचं कसं कळतं?
- कोणता आवाज, वास, प्रकाश किंवा स्पर्श सहन होत नाही?
- फिट, ॲलर्जी, वस्तू तोंडात घालण्याची सवय, ठरावीक वेळेचं औषध?
- अस्वस्थ वाटलं तर काय केल्याने बरं वाटतं?

बोलताना त्या व्यक्तीकडे बघून बोला. सोबत आई, भाऊ किंवा मदतनीस असेल तर प्रश्न आपोआप त्यांच्याकडे वळतो आणि उत्तरही तेच देतात. हा सगळ्यात पहिला सापळा आहे. कर्णबधिर व्यक्तीशी दुभाषकामार्फत बोलतानाही नजर त्या व्यक्तीकडेच हवी.

प्रश्न विचारल्यावर थांबा. नुसते एक-दोन क्षण नव्हे, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. ज्यांना बोलणं जुळवायला वेळ लागतो त्यांची उत्तरं आपल्या घाईत बुडतात.

आणि ‘हो’ या उत्तराबद्दल सावध राहा. ज्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या होकार-नकारावर चाललं आहे, त्यांना समोरच्याला खूश ठेवण्यासाठी ‘हो’ म्हणायची सवय लागलेली असते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. “निळा रंग आवडेल ना?” हा प्रश्नच नाही. दोन खऱ्या वस्तू समोर ठेवा, निवडू द्या, मग थोड्या वेळाने त्यांच्या जागा बदलून परत विचारा. दोन्ही वेळा शेवटचीच किंवा उजवीकडचीच वस्तू निवडली गेली, तर ती निवड अजून खरी नाही. निवडायला शिकणं हेच मग पहिल्या महिन्याचं काम होऊ शकतं, आणि ते फार मोलाचं काम आहे.

३. जागा बघायला टेप घेऊन जा

जागेचा मालक “सगळं सोयीचं आहे” असं म्हणेल. तरी मोजा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर असेल तर उत्तम, ८० च्या खाली नको. व्हीलचेअर वळायला साधारण १५० सेंटीमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. उतार १ ला १२ या प्रमाणात हवा, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प. टेबलाखाली गुडघे जायला जवळपास ७० सेंटीमीटर उंचीची मोकळी जागा लागते. आडवी पट्टी असलेली टेबलं इथेच नापास होतात. स्वच्छतागृहाचं दार, नळ आणि आतली जागा सोडून सगळं तपासणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मात्र तिथूनच सुरुवात करा, कारण स्वच्छतागृह वापरता येत नसेल तर माणूस पाणी न पिता बसतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

मोजमापाच्या पलीकडचंही बघा. लुकलुकणारी ट्यूब, घरघरणारा पंखा, घुमणारा आवाज यांनी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तीचा दिवस संपू शकतो. कोपऱ्यात एक शांत खुर्ची ठेवा, तिथे जायला परवानगी लागू नये. कर्णबधिर विद्यार्थी असतील तर टेबलं अर्धगोलात मांडा आणि शिकवणाऱ्याच्या तोंडावर प्रकाश येईल असं उभं राहा, खिडकी पाठीशी नको. दृष्टिहीन विद्यार्थी असतील तर सामानाची जागा एकदा ठरली की हलवू नका.

शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अशा दोन माणसांना मानधन देऊन जागा दाखवायला न्या. त्यांना दहा मिनिटांत जे कळेल ते तुम्हाला टेपने कळणार नाही.

४. साहित्य: महाग नको, खरं हवं

प्रौढांच्या हातात लहान मुलांचे खडू आणि छापील चित्रांची रंगवायची वही देऊ नका. चाळीस वर्षांच्या माणसाला कार्टूनच्या बाह्यरेषेत रंग भरायला लावणं हा अपमान आहे, त्याने तक्रार केली नाही तरीही. चांगला कागद, खरे ॲक्रिलिक रंग, खरी माती द्या. पातळ कागद पाण्याने फाटतो आणि विद्यार्थ्याला वाटतं की चूक आपली.

बाकी सोयी बहुतेक घरच्या घरी होतात:

- ब्रश किंवा पेन्सिलीच्या दांड्यावर फोमची नळी चढवली की कमजोर पकड जमते.
- मूठ मिटत नसेल तर वेल्क्रोच्या पट्टीने ब्रश तळहाताला बांधता येतो.
- कागद टेपने चारी बाजूंनी चिकटवा. वाट्यांखाली न घसरणारी रबरी जाळी घाला.
- टेबलावर ठेवायची तिरकी चौकट पाठीचा आणि मानेचा त्रास वाचवते.
- दाबायच्या बाटल्या, रोलर, स्पंज, आपोआप उघडणारी कात्री.
- कापड चिकटवायच्या गोंदाची रेषा वाळली की उंचवटा राहतो, बोटांनी चित्र ‘वाचता’ येतं.
- दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी रंग घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे मांडा: बाराला पांढरा, तीनला पिवळा. आणि मांडणी कधीच बदलू नका.
- अल्पदृष्टी असेल तर पांढऱ्या कागदाखाली काळं कापड घाला, कागद कुठे संपतो ते दिसतं.

दिसत नाही म्हणून दृश्यकला बंद, असं कोणी म्हणालं तर बिनोदबिहारी मुखर्जींचं उदाहरण द्या. शांतिनिकेतनचे हे चित्रकार जन्मापासून एका डोळ्याने पाहू शकत नव्हते, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. १९५६-५७ च्या सुमारास तीही दृष्टी गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चिकटचित्रं केली आणि १९७२ मध्ये तिथल्या कलाभवन या कलाशाळेच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं म्युरल (भित्तिचित्र) उभं केलं. साधनं बदलली, चित्रकार तोच राहिला.

सुरक्षिततेत तडजोड नको. टर्पेंटाइनसारखी वाफ येणारी द्रावणं बंद खोलीत आणू नका. वाळलेल्या मातीची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण त्यातली सिलिका फुप्फुसांना घातक असते. काही विद्यार्थी वस्तू तोंडात घालत असतील तर बिनविषारी असल्याची खूण असलेलंच साहित्य वापरा. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्यांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी बरीच आढळते, त्यामुळे रबरी हातमोजे आणि फुगे बाहेरच ठेवा. नाटकाच्या वर्गात झगमगणारे दिवे लावण्याआधी फिट येणारं कोणी आहे का ते विचारा.

५. कागदपत्रं आणि माणसं

पहिल्या वर्गाआधी एका फाईलमध्ये इतकं हवं: प्रत्येकाचा संपर्क आणि आणीबाणीतला संपर्क, आरोग्याची एक पानी नोंद, सोयींची नोंद, सहभागाची संमती, फोटोची वेगळी संमती, मदतनिसांची ओळख आणि पार्श्वभूमीची पडताळणी, जागेचा करार आणि विमा, तक्रार कोणाकडे करायची त्याचा कागद. शेवटचा कागद सोप्या वाक्यांत आणि चित्रांसह करा, भिंतीवर लावा.

संमतीपत्रावर कायदेशीर पालकाची सही लागत असेल तरी विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत विचारायचं सोडू नका. पालक ‘हो’ म्हणाले आणि विद्यार्थी मान हलवून ‘नाही’ म्हणाला, तर फोटो काढायचा नाही.

फिट आली तर काय करायचं हे प्रत्येक मदतनिसाला पाठ हवं: वेळ बघा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, धरून दाबू नका, तोंडात काहीही घालू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चालली तर रुग्णवाहिका बोलवा.

सुरुवातीला सहा ते आठ विद्यार्थी आणि दोन मदतनीस पुरे. जास्त घेतलेत तर तुम्ही दोन तास फक्त पाणी बदलत राहाल.

६. पहिले काही वर्ग

दर वेळी तीच वेळ, तोच क्रम. आजचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावा: येणं, साहित्य निवडणं, काम, विश्रांती, काम, बघणं, आवरणं. पुढे काय होणार हे कळलं की अस्वस्थता निम्मी कमी होते. पहिले तीन-चार आठवडे विषय देऊ नका, साहित्य द्या: एकदा कोळसा, एकदा माती, एकदा ठसे, एकदा धागे. कोण कशापाशी रेंगाळतं ते टिपून ठेवा.

जूडिथ स्कॉट यांची गोष्ट मी प्रत्येक नव्या मदतनिसाला सांगते. त्यांचा जन्म १९४३ चा, डाऊन सिंड्रोम होता, त्या कर्णबधिर होत्या, आणि त्यांना ऐकू येत नाही हे बरीच वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही. पस्तीसेक वर्षं संस्थांमध्ये काढल्यावर जुळी बहीण त्यांना बाहेर घेऊन आली आणि १९८७ मध्ये ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’मध्ये दाखल केलं. जवळपास दोन वर्षं त्यांनी रंगांत काही रस दाखवला नाही. मग धाग्यांच्या कामाचा एक वर्ग झाला, आणि त्या वस्तूंना धागे गुंडाळत सुटल्या. २००५ मध्ये त्या गेल्या तोवर दोनशेच्या आसपास शिल्पं तयार झाली होती, आणि आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्या दोन वर्षांत कोणी “हिला जमत नाही” असं म्हणून नाव काढून टाकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. म्हणून कोणी गप्प बसून असेल तर साहित्य बदला, वेळ द्या. नाव काढू नका.

७. मदत किती करायची

नवशिक्यांची खरी परीक्षा इथे असते. विद्यार्थ्याचा हात आपल्या हातात धरून फूल काढून घेणं फार सोपं आहे, घरचेही खूश होतात. पण ते फूल तुमचं आहे.

मदतीची एक चढती पायरी ठरवा आणि खालून सुरू करा. आधी थांबा. मग तोंडाने किंवा खुणेने सुचवा. मग दुसऱ्या कागदावर करून दाखवा, विद्यार्थ्याच्या कागदावर कधीच नाही. मग साधन बदला: जाड ब्रश, वेगळा कोन, कागद जवळ. शारीरिक आधार लागलाच तर विचारून कोपराला किंवा मनगटाला आधार द्या, दिशा त्याची असू द्या.

याचा अर्थ शारीरिक मदत वाईट असा मुळीच नाही. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातीसना उभं राहून रंगवणं कठीण झालं, तेव्हा मदतनीस कागद रंगवून द्यायचे, मातीस कात्रीने आकार कापायचे आणि मदतनीस ते सांगितलेल्या जागी भिंतीला टाचायचे. त्या कामांचे कर्ते मातीसच आहेत, याबद्दल कोणाला शंका येत नाही. तुमच्या वर्गात एखाद्याला हात अजिबात हलवता येत नसेल, तर तो नजरेने रंग आणि जागा सांगेल आणि तुम्ही ब्रश फिरवाल. मात्र मग “इथे थोडी सावली बरी दिसेल” हे तुमचं मत मनातच ठेवायचं.

चित्र कधी पूर्ण झालं हेही विद्यार्थीच ठरवतो. सुंदर चित्रावर तो काळा रंग फिरवत असेल तर आपला जीव कळवळतो. विचारा, “झालं का, की अजून आहे?” आणि उत्तर माना. हवं तर त्याला विचारून मधल्या टप्प्याचा फोटो काढा.

विषयांनाही हे लागू आहे. प्रौढ माणसाच्या कामात प्रेम, शरीर, राग, मृत्यू येणार. ते झाकू नका. एखाद्या कामातून त्याला कोणी इजा करत असल्याची शंका आली, तर मात्र ठरलेल्या जबाबदार व्यक्तीला लगेच सांगा, स्वतः तपास करत बसू नका.

कौतुकाबद्दल थोडं. प्रत्येक रेषेला “वा, छान!” म्हटलं की शब्दाला किंमत राहत नाही. “या कोपऱ्यात तू रंग दाट लावलास, तिथे पातळ. तिथेही दाट हवा का?” असं बोला. शिकवायला आला आहात, तर शिकवा: रंगांचं मिश्रण, मातीचे जोड, तालाची मोजणी. सोपं करून सांगणं वेगळं आणि काहीच न शिकवणं वेगळं.

८. घरचे आणि मदतनीस

सोबतच्या माणसाला खोलीबाहेर बसवणं बरेचदा योग्य, पण सरसकट नियम करू नका. ज्याला संवादासाठी ती व्यक्ती लागते त्याला ती आत हवीच. अशा वेळी त्या माणसालाही स्वतःचा कागद द्या. स्वतःचं काम मिळालं की दुसऱ्याच्या कामात हात घालायची इच्छा कमी होते. घरचे विचारतील, “काय उपयोग? काही नीट काढता येत नाही.” वाद घालू नका. तारीख टाकून जपलेली तीन महिन्यांची कामं, विद्यार्थ्याची परवानगी घेऊन, क्रमाने समोर मांडा. ही नोंद ठेवणं कंटाळवाणं आहे, पण अनुदान देणाऱ्यांनाही तीच दाखवावी लागते.

९. प्रदर्शन, विक्री आणि पैसे

प्रदर्शन घाईने करू नका, आणि करायचं तर नीट करा: चौकटी, प्रकाश, बसून वाचता येईल अशा उंचीवर पाट्या. पाटीवर नाव, माध्यम, वर्ष, आणि कलाकाराला सांगावंसं वाटलं तर त्याचं वाक्य. आजाराचं नाव तिथे कशाला? ते लिहायचं की नाही हे कलाकाराला विचारा. “अपंगत्वावर मात करून” ही ओळ बातमीदार हमखास लिहितात. त्यांना आधीच माहितीपत्रक द्या आणि त्यात कामाबद्दल लिहा.

चित्राचे हक्क काढणाऱ्याचेच. संस्थेने दिनदर्शिका किंवा शुभेच्छापत्र छापायचं असेल तर वेगळी लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला हवा. विक्रीतला वाटा आधी ठरवा, लिहून ठेवा, मोठ्या अक्षरांत. ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’च्या धर्तीवरच्या अनेक स्टुडिओंमध्ये रक्कम कलाकार आणि संस्था यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. कलाकाराचे पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात जावेत. एक सापळा इथेही आहे: बऱ्याच देशांत अपंगत्व भत्ता मिळकतीशी जोडलेला असतो आणि एखाद्या मोठ्या विक्रीमुळे तो थांबू शकतो. विक्रीआधी जाणकाराकडून हे तपासून घ्या.

कोणाला विकायचं नसेल तर पाटीवर ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहा, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. प्रदर्शन संपलं की न विकलेली कामं यादीवर खूण करून परत द्या. जागेअभावी काही जुनं टाकून द्यायची वेळ आली, तर तेही ज्याचं त्याला विचारूनच.